नेमाचं वाजवणं

मागं बी छापलंय व्हय? — थांबा, थांबा मॅडम, चष्मा काढू द्या — खिशातच हाय — हां. म्हंजे हा कागद दोन्ही अंगानं हाय? आन् आमाला दिला होता त्याच्यावर बी हे मागचं होतं? — अरे देवा. न्हाई, न्हाई, तुमची काई चूक न्हाई, तुमी बरूबर दिला. मीच त्येला भिताडाला चिटकवला ना. देवघरात. सिद्धम्मानं — आमच्या मंडळीनं — गव्हाच्या पिठाची खळ करून दिली, चांगली घट्ट, आन् मी सगळीकडून हात फिरवून फिरवून चिटकवला, कुठं फुगा राहू नये म्हणून. आता मागचं कोण वाचणार? भिताड? — वाचतो, वाचतो. ‘मूल आजारी असेल, थकलेले असेल, त्या दिवशी सुटी द्या. आठवड्यातून एक दिवस मुद्दाम वाजवू नये.’ मुद्दाम! असं सरळसरळ लिहिलंय की वो. दीड वरीस झालं मॅडम, आन् आमच्या शिवकन्येला एक सुटी न्हाई. एक बी न्हाई. म्हंजे दोन झाल्या, त्या दोन दिवसांचंच तर — सांगतो. दार कामून लावायलाव? लोटा, पर पुरतं लावू नका. आत ती वाजवायलीय ते कानावर येऊ द्या. आवाज येत राहिला म्हंजे कसं, लेकरू जागेवर बसलंय म्हणून कळतं.

तिचा हात बगून तुमी मला हितं बाहेर बसवलं, ते मला कळलं. पालमहून येताना बसमधीच मी तिला म्हणलो होतो, बाही खाली वढ. वढली बी तिनं. पर वाजवायला बसलं की बाही वर जातीच. सूज हाय, हाव. डाक्टरनं पट्टी दिली होती मनगटाला बांधायची, पंधरा दिवस हात हालवायचा न्हाई म्हणला. बांधली. आन् डाव्या हातानं वाजवली. पंधरा दिवस नुसत्या डाव्या हातानं! सोळाव्या दिवशी पट्टी सोडली आन् उजव्यानं दुप्पट वाजवली, राहिलेलं भरून काढायलेय म्हणली. नऊ वर्षाचं लेकरू. — मारलं? कुणी? न्हाई वो मॅडम, लिंगायत माणूस हाय, गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतो, आमच्या घरात पोरीला कुणी बोट लावलेलं न्हाई. उलट मीच म्हणतो, बस झालं, ऊठ आता. उठत न्हाई. तेच तुमाला सांगायचं म्हणून आज आलो — म्हंजे दर शनिवारी येतोच, पर आज सांगायचं म्हणून आलो, आन् इतका वेळ खळीचंच सांगत बसलो. भेलेलं माणूस असंच भलतीकडं बोलतंय. मी भेलोय मॅडम. चाळीस वर्षं पेठेत भांड्याचं दुकान चालवलं, कुणाच्या बापाला भेलो न्हाई, आन् आता नातीला भेतो. तिला न्हाई — तिच्यासाठी भेतो. काय ते तुमीच समजून घ्या.

पहिल्यांदा तर ती वाजवतच नव्हती, आठवतं का तुमाला? शाळेच्या गॅदरिंगला तुमी वाजवलेलं आयकून घरी येऊन रडली, मला बी शिकायचं. माझ्या मुलानं, शिवप्रकाशनं, नांदेडहून ती लांब पट्ट्यावाली पेटी आणली — कीबोर्ड म्हणतात ती, आमी पियानोच म्हणतो — महिनाभर नवलाई, मंग दिवाणाखाली. सून महेश्वरी मागं लागायची, वाजव, वाजव, मॅडमनी सांगितलंय वाजव. लेकरू रडायचं, मंग सून बी रडायची. त्या पियानोवर कपडे वाळायला लागले. तवा तुमी हा कागद दिला, पालकांसाठी, घरी लेकरानं खुशीत वाजवावं म्हणून काय काय करायचं. मी वाचला. रोज एकच वेळ ठेवा. एकच जागा ठेवा. मोठ्या माणसानं जवळ बसावं. चुकलं तर टोकू नये. थोडं, पण रोज. — मॅडम, मी वाचला आन् म्हणलो, अगं महेश्वरी, हे तर मला येतंय! हे मी साठ वर्षं करायलोय! आमची लिंगपूजा दुसरं काय असती? सकाळी आंघोळ, ठरलेली जागा, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती, बेलाचं पान, मंत्र. थोडं, पर रोज. आन् झाल्याबिगर तोंडात पाणी घालायचं न्हाई. झालं तर मंग! दुसऱ्या दिवसापास्नं देवघरात दोन पाट मांडले. एका पाटावर मी लिंग घेऊन, दुसऱ्यावर ती, म्होरं चौरंगावर पियानो. मी विभूती लावली त्याला बी. तीन बोटं. कडेला वो, पट्ट्यांना न्हाई.

आन् रमली की पोरगी! खोटं सांगत न्हाई. मी डोळे मिटलेले, ती चुकली तरी मी टोकणार कसा, तोंडात मंत्र. तुमच्या कागदावर शेवटी हाय ना, मुलाला मनाला येईल ते वाजवू द्यावं — ते तर काय विचारूच नका. सिद्धम्माचा मिक्सर वाजवायची. गंगाखेडची यष्टी चढावर कशी कन्हती ते वाजवायची. मंत्र म्हणता म्हणता मला हासू यायचं, पूजेत हासावं का माणसानं? हासायचो. दोघं मिळून उठायचो, दोघं मिळून भाकरी खायचो. ‘अप्पा, आपली पूजा झाली’ म्हणायची. तुमी तवा म्हणला होता मला, अप्पा, तुमच्या घरात काय जादू केली? हितंच बसून म्हणला होता. मी लय फुगलो होतो त्या दिवशी.

फकस्त एक झालं. मी तिला म्हणलो, बाळा, हा नेम हाय. नेम धरला की खाडा करायचा न्हाई. माझा बाप वारला त्या दिवशी सुदीक मी आधी पूजा केली, मंग खांदा दिला. असं काय काय सांगितलं. चांगलंच सांगितलं ना? रोज करा म्हणून तुमीच लिहिलंय. मागं सुटी लिहिलीय ते मला काय ठाऊक!

मंग वैशाखात सुनंच्या भावाचं लग्न निघालं, चुडाव्याला. दोन दिवस जायचं. पोरगी म्हणली, पियानो घेऊन जायचा. महेश्वरी म्हणली, लग्नाच्या घरात कुठं ठेवायचा, लोकं पाय देतील. न्हाई नेला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी, अक्षता तिकडं पडायल्या आन् हिकडं मी दुकानात पडलो. दुकानात एकटाच होतो, सगळे लग्नाला. वरच्या फळीवरनं पातेलं काढायला हात वर केला, आन् हितनं हितपर्यंत — असं — कुणीतरी आवळून धरल्यावानी. पातेल्यांची अख्खी चळत माझ्या अंगावर. तो आवाज आयकून शेजारचे तात्याराव आले म्हणून वाचलो. त्यांनीच जीपमधी घालून परभणीला आणलं. दवाखान्यात डोळे उघडले तर ही उशाशी उभी. लग्नातला परकर, हातावर मेंदी. तिच्या त्या हातांकडं बगून मला इतकं — जाऊ द्या.

तवापास्नं हे लागलंय. कुणीतरी तिला म्हणलं, तू खाडा केलीस म्हणून अप्पा पडले. कुणी म्हंजे, आता कुणाचं नाव घेऊ? लग्नाचं घर, धा बायका, धा तोंडं. कुणीतरी म्हणलं. लेकराच्या मनात बसलं. आता पाच महिने झाले मॅडम, ही पोरगी वाजवायली ती माझ्यासाठी. ती वाजवायलीय म्हणून मी जिता हाय, असं तिला वाटायलंय. खरंच वाटायलंय. सकाळचा एक टाइम होता, त्याचे तीन झाले. शाळेतनं आली की दप्तर अंगावर तसंच, आधी वाजवती, मंग चप्पल काढती. लाइट गेली तर सेल घालून. सेल बी संपले एक डाव, तर बिनआवाजाचं वाजवली — नुसत्या पट्ट्या टकटक, टकटक, अर्धा घंटा — मी दाराआड उभा राहून बगत होतो. ते वर जाऊन खाली यायचं वाजवती न्हाई का, आत्ता वाजवायलीय तेच, आयका — त्यात मधी चुकली की पुन्हा पहिल्यापास्नं. चुकलेलं मोजत न्हाई म्हणती. आन् ते मिक्सर, ते यष्टीचं, ते कवाच बंद झालं. म्हणलो, बाळा, यष्टी वाजव की. म्हणली, त्यानं काई होत न्हाई अप्पा.

पहाटं उठून माझ्या खाटंजवळ येती. मला जाग असती, म्हाताऱ्या माणसाला कुठली झोप. मी डोळे मिटून पडतो. ती वाकती आन् माझ्या नाकाखाली बोट धरती. श्वास लागला बोटाला की मंग आंघोळीला जाती. रोज. मी जरा जोरातच सोडतो श्वास, तिला लवकर कळावं म्हणून.

पाणी देता का थोडं? — बस, बस, तेवढं.

आता खरं काम सांगतो. परवा, सोमवारी, मला नांदेडला भरती व्हायचंय. मंगळवारी छाती उघडणार. डाक्टरनी आमाला सगळ्यांना बसवून समजावलं, चित्र काढून, की अप्पांचं हृदय थोडा वेळ बंद ठेवावं लागंल, मशीनवर घ्यावं लागंल. ही मांडीवर हात ठेवून आयकत होती. मधीच डाक्टरला म्हणली, किती वेळ बंद? डाक्टर हासले, म्हणले, सगळं मिळून चार-पाच घंटे लागतील बाळा. ही म्हणली, बरं. — कळलं का तुमाला? त्यांना न्हाई कळलं, सुनंला न्हाई कळलं, मला कळलं. तिनं मंगळवारचं ठरवलंय. चार-पाच घंटे. त्या सुजलेल्या हातानं. आन् समजा, मॅडम — समजा म्हणायलोय, डाक्टर म्हणले शंभरात चार-पाच माणसं दगावतात, तर समजा मी त्या चार-पाचातला निघालो. मी सत्तरीचा हाय, गेलो तर गेलो. पर ती काय म्हणंल? म्हणंल, मंगळवारी माझा हात दुखला म्हणून मी मधी पाणी प्यायला उठले, तवाच अप्पा गेले. जलमभर म्हणंल. कुणाला सांगणार बी न्हाई, मनातल्या मनात म्हणंल. तिचं लग्न होईल, लेकरं होतील, आन् ती म्हणत राहील. हे घेऊन मी त्या टेबलावर कसा झोपू?

म्हणून मी असा इचार केला. मधी उद्याचा दिवस हाय, रविवार. उद्या तिनं वाजवायचं न्हाई. दिवसभर न्हाई. आन् मी तिच्या म्होरं बसून राहतो सकाळपास्नं, जेवतो, बोलतो, चालून दाखवतो. संध्याकाळी म्हणतो, बग, आज वाजवली न्हाईस, हाय का न्हाई अप्पा? एवढं एकदा तिनं डोळ्यानं बगितलं, की मंग मंगळवारी काई बी होऊ दे, तिचा जीव सुटला. पर ती माझं आयकणार न्हाई. तुमचं आयकंल. तुमी म्हणा, वाजवायचं न्हाई, माझा हुकूम हाय. हा कागद दाखवा, मागचं दाखवा. छापलेलं हाय, तुमची सही हाय खाली. तिला छापलेलं पटतं.

काय? — मीच सांगायचं? सांगितलं की वो. — म्हंजे — असं सरळ न्हाई सांगितलं. अर्धंमुर्धं सांगितलं. — कुणी म्हणलं तिला ते? आता सांगितलं ना, लग्नातल्या बायका — मॅडम, तुमी असं बगू नका माझ्याकडं. तुमी शाळेत बी असंच बगत असाल, लेकरं पटापटा कबूल करत असतील.

मी म्हणलो. दुसरं कोण म्हणणार? दवाखान्यात ती उशाशी उभी होती, रडायच्या बेतात, मला वाटलं हासवावं. लाडानं म्हणलो मॅडम, तिचा गाल धरून — बघ, तू दोन दिवस वाजवली न्हाईस, तर अप्पाचं इंजिन बंद पडलं. एवढंच. मस्करी. ती हासली न्हाई. तवाच मी म्हणायला पायजे होतं की न्हाई ग, उगं म्हणलो. घरी सिद्धम्मा महेश्वरीला बोलली, तुझ्या माहेरच्या बायकांनी पोरीच्या डोक्यात भरवलं. महेश्वरी रडली. मी तिथंच बसलो होतो. खाली मान घालून सुपारी कातरत बसलो होतो.

न्हाई, एकदाच न्हाई. आता विचारलंच हाय तर — भादव्यात शाळेची सहल होती, औंढ्याला. दिवसभराची. तिच्या मैतरणी घरी बोलवायला आल्या. तिचं मन व्हायलं होतं मॅडम, दारापर्यंत गेली होती, मंग माझ्याकडं बगितली. मी काय म्हणावं? जा बाळा, खुशाल जा, असं म्हणायला काय पैसे लागत होते? मी म्हणलो, जा की... एका दिवसानं काय होतंय... होईल ते होईल. आन् हात असा छातीवर ठेवला. मुद्दाम न्हाई ठेवला. — मुद्दामच ठेवला. ती गेली न्हाई. पाटावर जाऊन बसली. आन् खरं सांगू? मला बरं वाटलं. आतनं तो आवाज सुरू झाला आन् हितं, छातीत, कसं सैल पडलं. लेकराची सहल गेली, आन् मी तिकडं निवांत चहा प्यालो. तवा मला कळलं की तिला एकटीला लागलं न्हाई ते. मी पूजेला बसलो की आता मंत्र बाजूला राहतो, माझा कान तिच्याकडं. ती एक पट्टी सोडती, माझा एक ठोका सुटतो. दुकानात असलो तर दुपारी फोन करतो घरी, काई कारण काढून, मागं वाजायलंय का ते आयकतो आन् ठेवून देतो. मोठा शिवभक्त म्हणवून घेतो पेठेत! लोकं पाया पडतात. आन् एका नऊ वर्षाच्या लेकराच्या बोटाला जीव टांगून बसलोय.

हे घरी कुणालाच ठाऊक न्हाई. तुमाला कसं सांगितलं मी? मी फकस्त उद्याचं बोलायला आलो होतो.

आता कुठं उठलाव? — आत्ता? न्हाई वो, मी उद्याचं म्हणलो — आज तिचा अजून अर्धा घंटा हाय, आज होऊ द्या की, उद्या रविवारी — न्हाई, माझी तयारी हाय, तयारी न्हाई असं न्हाई — पर निदान हे वर गेलंय ते खाली तरी येऊ द्या, मधीच कामून — बरं. बरं. जावा. तुमचं खरं हाय. उद्या म्हणणारा उद्या बी उद्याच म्हणंल. जावा, सांगा.

...

काय म्हणली? ‘हो मॅडम’? लगेच? काई विचारली न्हाई, अप्पांना विचारू का, असं काई न्हाई? — चांगलं झालं. किती सोपं होतं बगा. तुमी म्हणला आन् झालं. मी उगं पाच महिने — वह्या दप्तरात भरायलीय व्हय? भरू द्या, भरू द्या, काई घाई न्हाई, आमची बस साडेपाचला हाय.

तुमचं घर लय शांत हाय मॅडम. रस्त्याला हाय, तरी शांत. पंखा लावता का? उकडत न्हाई, उगं — आवाज व्हावा म्हणून. लाइट न्हाई? म्हंजे तुमचा पियानो बी सेलवरच होता व्हय? असू द्या. असू द्या. तुमीच बोला काईतरी. तुमचे वडील बरे हायत ना? अनंतराव गुरुजी आमच्या दुकानातनं तांब्या घेऊन गेले होते एकदा, लय चिकित्सा करून, वाजवून वाजवून — बोला की वो, मी एकटाच बोलायलोय. किती वेळ झाला थांबून? दोन मिंटं? दोनच? घड्याळ नीट हाय ना तुमचं? — काई न्हाई, काई न्हाई, बसा. हितं जरासक — ते सकाळचं असंल, पोहे खाल्ले स्टँडवर, तेलकट होते. डाव्या अंगाला हाय पर. पोह्याचं डाव्या अंगाला कसं हुईल? — न्हाई, डाक्टरला फोन नका करू, तसलं न्हाई हे, मला ठाऊक हाय ते कसं असतं, हे तसलं न्हाई — अजून न्हाई — ती काय करायली आत? वही एवढा वेळ भरती का? आयकू येत न्हाई काहीच. काहीच येत न्हाई वो मॅडम. काहीच —

शिवा! ए शिवा! वाजव ग! वाजव बाळा, वाजव, थांबू नको!

...

लागली.

एका हाकंत लागली. वही टाकली बगा खाली. — मला काई झालेलं न्हाई. हात सोडा माझा, मी बरा हाय. एकदम बरा हाय, तेच तर — बगितला का तुमी तिचा चेहरा? ह्या फटीतनं बगितली ती माझ्याकडं, बसायच्या आधी. मला वाटलं भेली असंल. भेली न्हाई मॅडम. हासली. तिला वाटलं, बग, मला ठाऊकच होतं. तिचंच खरं केलं मी. आता तुमी कागद दाखवा, सही दाखवा, मी म्होरं नाचून दाखवू, काय उपयोग? अप्पानं स्वतःच्या तोंडानं हाक मारून सांगितलं तिला. किती जोरात वाजवायलीय आयका. त्याच हातानं. सुजलेल्या.

काई बोलू नका. बोलू नका, मला इचार करू द्या.

मी हितं असलो की जमणार न्हाई. मला आयकू आलं न्हाई की मी पुन्हा वरडणार, मला माझा भरवसा न्हाई. मी बाहेर जातो. ती पिशवी द्या इकडं, न्हाई, राहू द्या पिशवी. आवाज येणार न्हाई इतक्या लांब जातो. पार त्या चौकाच्या पलीकडं, गाड्यांच्या गलक्यात जाऊन बसतो. तुमी आत जावा. तिचे दोन्ही हात हातात धरा आन् खरं ते सांगा, अप्पा खोटं बोलले म्हणा, भेकड हायत म्हणा, असंच म्हणा, आन् सोडू नका हात. रडंल. रडू द्या. चावंल बी, सोडू नका. बस गेली तर जाऊ द्या. मी एका घंट्यानं येतो. तिला म्हणा, अप्पा एका घंट्यानं त्या दारातनं आत येणार हायत, आपल्या पायानं. आलो तर — न्हाई, येतो. येतो मी. — सोबत नको. कुणी नको. चप्पल सापडली, हाय हितंच.

जावा ना मॅडम. उभ्या काय राहिलाव? थांबवा तिला.